पासवर्ड लॉगिन बंद केलंय तरी लॉगमधे "फेल्ड पासवर्ड" येतंच आहे (उबुंटू, एसएसएच)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा कॅटलॉग कोहावर (वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर) आहे आणि तो एका भाड्याच्या व्हीपीएसवर (कंपनीच्या मशीनवरचा आभासी सर्व्हर) चालतो, उबुंटू 24.04, तिथे एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) जातो. मी शाळेत शिकवतो, सर्व्हरचं बघायला दुसरं कोणी नाही म्हणून ते काम माझ्याकडे आहे. सर्व्हरचा ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) उघडला तर नुसता पूर आलाय, दर काही सेकंदाला "फेल्ड पासवर्ड फॉर रूट" (रूट म्हणजे सर्व अधिकार असलेलं खातं), मग "फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड युजर ॲडमिन", मग ओरॅकल, पोस्टग्रेस, टेस्ट, असली नावं आणि आयपी जगभरातले. म्हणून /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग मधे पासवर्डऑथेंटिकेशन "नो" केलं, ओळीपुढचा हॅश (#) काढला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, माझी की (पासवर्डऐवजी चालणारी चावीची फाइल) आधीच चालू होती. तरी लॉग जसाच्या तसा. फाइल पुन्हा उघडून बघितली, "नो" च आहे. सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर त्या डेटाबेसमधे आहेत, लोकांनी विश्वासाने दिलेत, त्यामुळे हे अर्धवट सोडायचं नाहीये. कुठून बघायला सुरुवात करू?

टर्मिनलवाला
सर, तुम्ही लॉगमधले शब्द नेमके दिलेत हे फार बरं झालं कारण उत्तर त्या शब्दातच आहे. पासवर्ड खरंच बंद असता तर "फेल्ड पासवर्ड" ही ओळ सहसा उमटली नसती. तेव्हा "इनव्हॅलिड युजर" दिसतं किंवा "कनेक्शन क्लोज्ड बाय ऑथेंटिकेटिंग युजर रूट" आणि शेवटी "प्रीऑथ" असं दिसतं, म्हणजे समोरचा आला, दार बंद दिसलं आणि गेला. "फेल्ड पासवर्ड" म्हणजे सहसा सर्व्हरने पासवर्ड मागितला, समोरच्याने दिला, तो चुकला. म्हणजे तुमचा सर्व्हर बहुतेक अजून पासवर्ड घेतोय, फाइलमधे काहीही लिहिलेलं असू दे.

आता फाइल बघत बसू नका, चालू सर्व्हिसलाच विचारा. दोन गोष्टी करा.

एक, सर्व्हरवर 'सुडो एसएसएचडी -टी' (एसएसएचडी म्हणजे सर्व्हरवर चालणारी एसएसएच सेवा), यातला टी कॅपिटल पाहिजे, स्मॉल टी वेगळा आहे तो फक्त फाइलचं व्याकरण तपासतो. कॅपिटल टी ने सगळ्या फाइली वाचून झाल्यावर शेवटी कुठली सेटिंग लागू होते ती पूर्ण यादी येते, त्यात पासवर्ड शब्द ग्रेपने शोधून बघा.

दोन, तुमच्या लॅपटॉपवरून की मुद्दाम न वापरता लॉगिन करा, एसएसएच कमांडला -ओ देऊन पबकीऑथेंटिकेशन=नो. पासवर्ड विचारला तर दार उघडं आहे. नुसतं "परमिशन डिनाइड" आलं तर त्याच ओळीत पुढे कंसात काय आहे ते वाचा, सर्व्हर कुठल्या कुठल्या पद्धती स्वीकारतो ती यादी असते ती. फक्त "पब्लिककी" असेल तर काम झालं.

दोन्हीचं काय येतंय ते टाका इथे.

कृष्णाकाठ
कॅपिटल टी ने "पासवर्डऑथेंटिकेशन यस" येतंय!! आणि लॅपटॉपवरून की शिवाय गेलो तर सरळ पासवर्ड विचारला. पण फाइलमधे तर नो आहे, मग हा यस आला कुठून?

टर्मिनलवाला
एसएसएचडी_कॉन्फिग चा अगदी वरचा भाग बघा, तिथे एक इन्क्लूड ची ओळ आहे, ती एसएसएचडी_कॉन्फिग.डी या डिरेक्टरीतल्या .कॉन्फ ने संपणाऱ्या सगळ्या फाइली आत ओढते. आता एसएसएचडीचा नियम असा की एकच सेटिंग दोनदा आली तर पहिली धरायची. बऱ्याच प्रोग्रॅममधे शेवटची जिंकते, इथे उलटं आहे आणि इथेच माणूस फसतो. इन्क्लूड सगळ्यात वर असल्यामुळे त्या डिरेक्टरीतलं जे काही आहे ते तुमच्या "नो" च्या आधी वाचलं जातं.

त्या डिरेक्टरीत तुम्हाला बहुतेक 50-क्लाउड-इनिट.कॉन्फ नावाची फाइल दिसेल आणि तिच्यात एकच ओळ असेल, पासवर्डऑथेंटिकेशन यस. व्हीपीएस घेताना पॅनलमधे रूट पासवर्ड सेट केला असेल तर क्लाउड-इनिट (नवीन सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्रॅम) पहिल्या बूटच्या वेळी ही फाइल लिहून ठेवतं.

माझं मत, ती फाइल खोडत बसू नका. नवीन फाइल करा, नाव 00- ने सुरू होणारं ठेवा म्हणजे अक्षरक्रमाने ती 50 च्या आधी येते, उदा. 00-वाचनालय.कॉन्फ (नाव अर्थात इंग्रजी अक्षरात द्या). त्यात पासवर्डऑथेंटिकेशन नो, केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो, परमिटरूटलॉगिन नो. रूट पूर्ण बंद करण्याआधी तुमच्या साध्या युजरने सुडो चालतंय ना ते पक्कं करा. मग स्मॉल टी, काही न बोलता परत आला म्हणजे व्याकरण बरोबर, मग रीलोड. आणि मग पुन्हा कॅपिटल टी आणि पुन्हा लॅपटॉपवरून की शिवाय प्रयत्न. या शेवटच्या दोन पायऱ्या गाळू नका, सगळा गोंधळ त्या न केल्यामुळेच राहिला होता.

मोहोळकर
वरच्यात माझी थोडी भर. हे सगळं करताना एक एसएसएच सेशन उघडं ठेवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. सर्व्हिस रीलोड किंवा रीस्टार्ट केली तरी जी सेशन्स आधीपासून जोडलेली आहेत ती तुटत नाहीत, कारण प्रत्येक कनेक्शनची स्वतंत्र प्रोसेस असते. नवीन सेटिंग दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून तपासायची, ते लागलं की मगच पहिली खिडकी बंद करायची. आणि कंपनीच्या पॅनलमधे व्हीएनसी किंवा सिरियल कन्सोल (एसएसएचशिवाय थेट मशीनवर जायची सोय) असतो, तो आज उघडून बघा, त्याचा पासवर्ड माहीत आहे का, कीबोर्ड बरोबर चालतो का. आमच्याकडे एका ठिकाणी बाहेर अडकल्यावर पहिल्यांदा कन्सोल उघडायची वेळ आली होती आणि त्याचं लॉगिन कोणाकडेच नव्हतं, पूर्ण दिवस ऑफिस ठप्प.

कृष्णाकाठ
झालं! 50-क्लाउड-इनिट तिथेच होती, आत अगदी तीच एक ओळ. 00 वाली फाइल केली, आता कॅपिटल टी ने नो येतंय, लॅपटॉपवरून की शिवाय गेलो तर परमिशन डिनाइड आणि कंसात फक्त पब्लिककी. लॉगमधे पण आता "फेल्ड पासवर्ड" एकही नाही, सगळे "प्रीऑथ" वाले. टर्मिनलवाला, मोहोळकर, मनापासून आभार.

पण आता दुसरा प्रश्न उभा राहिला. वाचनालयातल्या सहायक ताई आत्तापर्यंत पासवर्डने जायच्या, त्यांचं युजरनेम ग्रंथालय. त्यांच्या पीसीवर की बनवली, पब्लिक की त्यांच्या ऑथराइज्ड_कीज (कुठल्या कीज चालतील त्याची फाइल) मधे टाकली, माझ्या डोळ्यासमोर पेस्ट केली, ओळ एकच आहे, मधे तुटलेली नाही. तरी परमिशन डिनाइड, पब्लिककी. माझी की मात्र चालतेय.

अबोली
दादा, क्लायंटच्या बाजूला याचं कारण बहुतेक कळणार नाही, कितीही -व्हीव्हीव्ही (जास्त तपशील दाखवणारा पर्याय) लावलं तरी. सर्व्हर मुद्दामच बाहेरच्याला सांगत नाही की का नाकारलं. कारण सर्व्हरच्या लॉगमधे असतं. एका खिडकीत 'जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ' चालू ठेवा आणि ताईंना त्याच वेळी लॉगिन करायला सांगा. माझा अंदाज परमिशनचा आहे. एसएसएचडीत स्ट्रिक्टमोड्स डिफॉल्टने चालू असतं, ते नुसती ऑथराइज्ड_कीज फाइल बघत नाही, .एसएसएच डिरेक्टरी बघतं आणि तिच्या वरची होम डिरेक्टरी पण बघतं. यातल्या कुठल्याही पायरीवर ग्रुपला किंवा इतरांना लिहायची मुभा असेल तर की वाचायचीच नाही असा त्याचा बाणा आहे. आणि ते बरोबरच आहे ना, होम डिरेक्टरीत दुसरं कोणी लिहू शकत असेल तर तो .एसएसएच चं नाव बदलून स्वतःचं .एसएसएच तिथे ठेवू शकतो.

कृष्णाकाठ
लॉगमधे हे आलं बघा: "ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी /होम/ग्रंथालय". एलएस करून बघितलं तर होम डिरेक्टरी 777 आहे, म्हणजे कोणीही वाचू-लिहू शकतं. जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन सगळ्यांना तिथे टाकता यावेत म्हणून सेटअपच्या वेळीच ती तशी केलेली आहे. आता 755 केली तर ताई आत येतील पण स्कॅन टाकणाऱ्या पोरांचं काम अडेल.

अबोली
होम 750 करा, .एसएसएच 700, ऑथराइज्ड_कीज 600 आणि तिन्हीचा मालक ग्रंथालय हाच युजर पाहिजे. रूटने फाइल बनवली असेल तर मालक रूट राहतो आणि 600 असल्यामुळे मग ती वाचताच येत नाही, हे पण खूप वेळा होतं.

स्कॅनसाठी होम वापरूच नका. /एसआरव्ही खाली स्कॅन नावाची डिरेक्टरी करा, स्कॅन नावाचा ग्रुप करा, पोरांची युजरनेम त्या ग्रुपमधे टाका आणि डिरेक्टरीला 2770 द्या. तो पुढचा 2 महत्त्वाचा, त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येक नवीन फाइलचा ग्रुप आपोआप स्कॅन होतो, नाहीतर फाइलचा ग्रुप टाकणाऱ्याचा स्वतःचाच राहतो, ग्रुपची मुभा दुसऱ्याला लागू होत नाही आणि कोणीतरी वैतागून परत 777 करतं. एकमेकांच्या फाइलीत बदल पण करायचे असतील तर यूमास्क (नवीन फाइलची परमिशन ठरवणारी सेटिंग) 002 लागेल. 777 दिसलं की समजायचं इथे ग्रुप बनवायचा राहिलाय.

कोणी हे वाचून रॉकी, अल्मा किंवा फेडोरावर करत असेल आणि सगळ्या परमिशन बरोबर असून की चालत नसेल तर तिथे एसईलिनक्सचं (फाइलींवर लेबल लावून चालणारं जादा संरक्षण) लेबल बघा. 'रिस्टोअरकॉन -आर -व्ही' ने .एसएसएच चं लेबल पूर्ववत होतं, त्यातला आर कॅपिटल. एसईलिनक्स बंद करू नका प्लीज, ते सोपं वाटतं पण सगळ्या मशीनचं संरक्षण जातं एका फाइलच्या लेबलापायी.

रानवाट
कृष्णाकाठ सर, सगळं वाचलं. एवढं करताय तर पोर्ट 22 बदलून टाका ना, 2222 वगैरे करा, लॉगमधला हा पूर एका रात्रीत ओसरतो, मी सगळीकडे हेच करतो.

टर्मिनलवाला
रानवाट, लॉग शांत होतो हे खरं आणि शांत लॉगमधे खरी गडबड डोळ्यात भरते हाही फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण ती सुरक्षा नव्हे, 2222 पण सगळेच स्कॅन करतात. शिवाय 1024 च्या वरचा पोर्ट साधा युजर पण उघडू शकतो, म्हणजे एसएसएचडी काही कारणाने पडली तर त्या मशीनवरचा कोणीही स्वतःची खोटी सेवा त्या पोर्टवर बसवू शकतो. बदलायचाच तर 1024 च्या खालचा मोकळा नंबर घ्या.

आणि उबुंटू 24.04 वर यात एक मेख आहे, कारण तिथे पोर्टवर कान देऊन बसायचं काम सिस्टमडीचं (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) एसएसएच.सॉकेट हे युनिट करतं. पोर्ट बदलून नुसती एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली तर जुन्याच पोर्टवर ऐकत राहतं आणि माणूस चक्रावतो. तिथे सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड करून मग एसएसएच.सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. त्याच्या आधी नवीन पोर्ट यूएफडब्ल्यूमधे (उबुंटूची फायरवॉल) उघडा आणि कंपनीच्या पॅनलमधे वेगळी फायरवॉल असेल तर तिथेही उघडा. मग 'एसएस -टीएलएनपी' ने कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते डोळ्यांनी बघा.

कनेक्शन कसं अडतंय त्यावरून पण कळतं. "कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच आलं तर मशीनपर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर कोणी नाही (किंवा फायरवॉलने तसं उत्तर दिलं). बराच वेळ थांबून "टाइम्ड आउट" आलं तर वाटेत कोणीतरी पॅकेट गिळतंय, बहुतेक फायरवॉल. हे दोन वेगळे आजार आहेत, लोक दोन्हीला "एसएसएच चालत नाही" म्हणतात.

बीएसडीवाली
जरा आमच्या बाजूचं पण लिहिते, कारण धाग्यात सगळं उबुंटूच चाललंय आणि फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच वेगळी ऑपरेटिंग सिस्टम) वापरणारे हे वाचून नुसतं पासवर्डऑथेंटिकेशन नो करतील. फ्रीबीएसडीवर ते डिफॉल्टनेच नो असतं आणि तरीही पासवर्डने लॉगिन होतं! कारण पासवर्ड तिथे पॅममधून (लॉगिन तपासणारी सिस्टमची यंत्रणा), कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह या दुसऱ्या वाटेने विचारला जातो. केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो केल्याशिवाय ती वाट बंद होत नाही. जुन्या लेखांमधे याचंच नाव चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन आहे. टर्मिनलवालांनी वर दोन्ही ओळी द्यायला सांगितल्या ते यासाठी. आणि लॉगिन करताना नीट बघितलं तर प्रॉम्प्टवरून पण अंदाज येतो, साध्या वाटेने "युजर@होस्ट'स पासवर्ड" असा येतो आणि पॅमवाल्या वाटेने वेगळ्या धाटणीचा.

ब्रूट फोर्ससाठी (अंदाजाने पासवर्ड मारत राहणारे) आम्ही पीएफ ही बीएसडीची फायरवॉल वापरतो. पोर्ट 22 च्या पास नियमालाच मॅक्स-एसआरसी-कॉन-रेट 5/30 जोडायचं, म्हणजे एका आयपीवरून 30 सेकंदात 5 च्या वर कनेक्शन आली की तो आयपी ओव्हरलोडने एका टेबलात जातो, आणि त्या टेबलाला वर ब्लॉक लिहिलेलं. लॉग वाचणारा वेगळा प्रोग्रॅम लागत नाही, कर्नलच मोजतं. मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते. यूएफडब्ल्यूमधे 'लिमिट' नियम आहे तो साधारण याच जातीचा, 30 सेकंदात 6 वर अडवतो.

आणि हा प्रोग्रॅम आला कुठून तेही लोकांना माहीत असावं असं मला फार वाटतं. 1995 मधे हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं, टेलनेट आणि आरलॉगिनमधे पासवर्ड उघडाच जायचा ना. तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. नंतर त्याचं लायसन्स आवळत गेलं, मग 1999 मधे ओपनबीएसडीच्या लोकांनी शेवटच्या मोकळ्या आवृत्तीवरून ओपनएसएसएच काढलं आणि आज आपण सगळे तेच वापरतो. म्हणजे तुमच्या वाचनालयाच्या दाराला लागलेलं कुलूप काही मोजक्या माणसांनी इतकी वर्षं जपलंय, त्यांच्या फाउंडेशनला जमेल तेव्हा शंभर रुपये पाठवा.

नवीन_सदस्य_वाशी
नमस्कार, विषयाला धरूनच आहे म्हणून इथेच विचारतो. माझं घरून एसएसएच अडकतं, मोबाइल हॉटस्पॉटवरून तोच सर्व्हर लगेच उघडतो. -व्हीव्हीव्ही लावल्यावर शेवटची ओळ "एक्स्पेक्टिंग एसएसएच2_एमएसजी_केईएक्स_ईसीडीएच_रिप्लाय" आणि तिथेच थांबतं, एरर पण नाही. आधी हे चालायचं, लॅपटॉपवर नवीन लिनक्स टाकल्यापासून बंद.

अबोली
वाशी, हे एमटीयूचं (एका पॅकेटचा कमाल आकार) दुखणं आहे, मी पैजेवर सांगते. कनेक्शन जुळतं, छोटे पॅकेट जातात, पण की एक्सचेंजला (सुरुवातीची चाव्यांची देवघेव) मोठा पॅकेट निघाला की तो वाटेत गायब होतो. घरच्या ब्रॉडबँडला पीपीपीओई (जोडणीची एक पद्धत) असेल तर एमटीयू 1500 नसून 1492 असतो, आणि मोठा पॅकेट अडला तर "लहान करून पाठव" असा आयसीएमपीचा निरोप परत यायला पाहिजे. मधल्या कुठल्या तरी फायरवॉलने सगळंच आयसीएमपी बंद केलेलं असतं, निरोप येत नाही आणि दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात.

नवीन लिनक्सनंतर का सुरू झालं, तर ओपनएसएसएच 9.0 पासून (2022) डिफॉल्ट की एक्सचेंज पोस्ट-क्वांटम (क्वांटम संगणकांपासून जपण्यासाठीच्या) मिश्रणाचं आहे आणि त्याच्या चाव्या आधीच्या 32 बाइटच्या तुलनेत हजार बाइटच्या वर आहेत. आधी लहान पॅकेटमधे मावायचं ते आता मावत नाही.

तपासायला पिंगला -एम डू -एस 1472 द्या (एम कॅपिटल, एस स्मॉल). 1472 अधिक हेडरचे 28 म्हणजे बरोबर 1500. नाही गेला तर 1464, मग अजून कमी करत जा, जिथे जाईल तिथे 28 मिळवलं की तुमच्या वाटेचा एमटीयू. तात्पुरतं लॅपटॉपच्या इंटरफेसचा एमटीयू 1400 करून बघा, एसएसएच लगेच लागलं तर निदान पक्कं. कायमचा उपाय राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट लहान ठेवायला लावणारी सेटिंग). जुनं की एक्सचेंज ठरवून देऊन पण चालेल पण तो उपाय मला पटत नाही, रस्ता खराब म्हणून कुलूप हलकं कशाला लावायचं.

नवीन_सदस्य_वाशी
ताई 1464 गेला, 1472 नाही! 1400 करून लागलं लगेच. राउटरमधे एमएसएसचा पर्याय आहे, तो चालू करतो. खूप धन्यवाद.

राइनकाठ
जर्मनीहून वाचतोय, इथे हेच काम करतो. दोनतीन गोष्टी राहिल्यात असं वाटलं.

कृष्णाकाठ सर, तुम्ही एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाणार असाल (बॅकअपचा वेगळा सर्व्हर वगैरे) तर एजंट (तुमच्या कीज सांभाळणारा प्रोग्रॅम) फॉरवर्डिंग, म्हणजे तो -ए कॅपिटल, वापरू नका. मधल्या मशीनवर ज्याच्याकडे रूट आहे तो तुमच्या नावाने तुमचा एजंट वापरू शकतो. मॅट्रिक्स.ऑर्ग या चॅट सेवेवर 2019 च्या एप्रिलमधे जी घुसखोरी झाली तिच्यात फॉरवर्ड केलेल्या एजंटचाच वापर करून पुढच्या मशीनवर उड्या मारल्या होत्या. त्याऐवजी -जे कॅपिटल, प्रॉक्सीजंप, त्यात मधलं मशीन फक्त पाइप असतं, की तुमच्या लॅपटॉपवरच राहते.

दुसरं, ताईंच्या पीसीवर किंवा तुमच्याकडे पुढे कीज वाढल्या की एक दिवस "टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स" येईल, पासवर्ड एकदाही न टाकता. एजंट असतील नसतील त्या सगळ्या कीज एकेक करून देत सुटतो, मॅक्सऑथट्राइज डिफॉल्ट 6 आहे, योग्य की सातवी असेल तर तिच्यापर्यंत गाडी पोचतच नाही. .एसएसएच मधल्या कॉन्फिग फाइलमधे त्या होस्टखाली आयडेंटिटीफाइल आणि आयडेंटिटीजओन्ली यस लिहिलं की संपलं.

तिसरं अपडेट. यावर मी हट्टी आहे. 1 जुलै 2024 ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने जे जाहीर केलं, रेग्रेशन नावाने गाजलं, त्यात लॉगिन पूर्ण न करता नुसतं ताटकळत ठेवून, लॉगिनग्रेसटाइमचे 120 सेकंद संपताना जो सिग्नल येतो त्या क्षणाचा फायदा घेऊन रूट मिळवता येत होतं, ग्लिबसी (लिनक्समधली मूळ लायब्ररी) वापरणाऱ्या लिनक्सवर. तिथे पासवर्ड बंद, की चालू, याचा काही उपयोग नव्हता, कारण हल्ला लॉगिनच्या आधीचा. 2006 मधे बुजवलेलं भोक 2020 च्या एका बदलात परत उघडलं होतं. म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स (अपडेट आपोआप बसवणारी सोय) चालू आहे ना ते बघा, आणि व्हर्जन नंबर 9.6 दिसतोय म्हणून घाबरू नका, उबुंटू आणि डेबियन जुन्या नंबरावरच पॅच लावून देतात, पॅकेजचा पूर्ण नंबर शेपटीसकट बघायचा असतो.

त्याच वर्षी मार्चमधे एक्सझेडचं (फाइली लहान करणारं सॉफ्टवेअर) प्रकरण झालं ते तर अजून आठवतं. आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेसचे डेव्हलपर, त्यांना डेबियनच्या अस्थिर शाखेवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, एसएसएचडी सीपीयू खातेय असं दिसलं. दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. त्यांनी खणत नेलं आणि त्यातल्या लिबएलझेडएमए या लायब्ररीमधे 5.6.0 आणि 5.6.1 ला पेरलेला चोरदरवाजा सापडला, 29 मार्चला त्यांनी जाहीर केलं. मोठ्या डिस्ट्रोंच्या स्थिर आवृत्त्यांत तो पोचायच्या आधी. म्हणून म्हणतो सर, लॉग वाचायची तुम्हाला जी सवय लागलीय ती सोडू नका.

रानवाट
पोर्टचं पटलं, 1024 च्या वरची अडचण माहीत नव्हती. फेल2बॅनबद्दल (लॉग वाचून चुकीचे प्रयत्न करणारे आयपी अडवणारा प्रोग्रॅम) काय मत? आता पासवर्ड बंद आहे तर लागतंच का?

मोहोळकर
रानवाट, पासवर्ड बंद असेल तर अंदाजाने घुसायची भीती जवळपास गेली, फेल2बॅन मग लॉग हलका ठेवायला उरतं. पण आपल्याकडे लावताना एक विचार करा. मोबाइल डेटावर बहुतेकांना स्वतःचा आयपीव्ही4 नसतो, एका पत्त्यामागे असंख्य लोक असतात, त्यामुळे एक पत्ता बॅन केला की त्यामागचे सगळे बाहेर. आणि त्यात तुम्ही स्वतः किंवा ताई असू शकता. म्हणून बॅनटाइम महिनाभर वगैरे करू नका, डिफॉल्ट 10 मिनिटं आहे तेवढं नाहीतर तासभर पुरे, आणि वाचनालयाचा पत्ता स्थिर असेल तर तो इग्नोरआयपीमधे टाका.

डेबियन 12 वर फेल2बॅन सुरूच होत नाही अशी तक्रार खूपदा येते, तिथे आरसिसलॉग (लॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप बसत नाही, त्यामुळे ऑथ.लॉग फाइलच नसते. फेल2बॅनच्या जेल सेटिंगमधे बॅकएंड = सिस्टमडी लिहा.

लॉगचंच निघालंय तर, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा आदेश आहे, त्यात लॉग 180 दिवस ठेवा, घड्याळ एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवा आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून 6 तासात कळवा असं आहे. कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था यांच्यासाठी आहे तो. तुमच्या संस्थेला लागू होतो का ते समितीतल्या वकिलांना विचारून घ्या, पण लागू असो नसो, उबुंटूचा ऑथ लॉग आठवड्याला फिरतो आणि चारच जुने ठेवतो, म्हणजे महिन्याभरापूर्वी कोण आलं ते तुम्हाला कळणारच नाही. लॉगरोटेटमधे (जुने लॉग फिरवणारा प्रोग्रॅम) 26 करा, जागा फार लागत नाही. घड्याळ चुकलं असेल तर लॉगला अर्थ नाही म्हणून टाइमडेटसीटीएल पण बघा.

कृष्णाकाठ
होम 750 केली, /एसआरव्ही खाली स्कॅन केलं 2770 ने, ताई की ने आत आल्या, पोरांचे स्कॅन पण नीट पडतायत. अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू होतं, लॉगरोटेट 26 केलं. पोर्ट 22 च ठेवलाय.

एकच शेवटचं. जूनमधे एक कर्मचारी सोडून जाणार आहेत. त्यांचं लॉगिन बंद करायला पासवर्ड लॉक केला की झालं ना, 'पासडब्ल्यूडी -एल'?

अबोली
नाही दादा, हे नक्की लक्षात ठेवा. पासडब्ल्यूडी -एल ने फक्त पासवर्ड लॉक होतो, उबुंटूवर पॅम चालू असल्यामुळे की ने लॉगिन तसंच चालू राहतं. खातंच संपवा, 'यूजरमॉड' ला --एक्सपायरडेट 1 द्या, मग की असली तरी आत येता येत नाही. जोडीला त्यांची ऑथराइज्ड_कीज हलवून ठेवा आणि दुसऱ्या युजरांच्या ऑथराइज्ड_कीज मधे त्यांची की आहे का ते पण बघा, एकाच खात्यात दोघांच्या कीज टाकायची पद्धत असते बऱ्याच ठिकाणी. प्रत्येक ओळीच्या शेवटी शेरा असतो तिथे माणसाचं नाव आणि मशीन लिहून ठेवत जा आत्तापासून, नाहीतर कुठली ओळ कोणाची हे कळत नाही.

आणि जे सेशन आधीच उघडं आहे ते यातल्या कशानेही तुटत नाही, मोहोळकरांनी वर सांगितलं तेच. 'हू' ने बघा, ते अजून आत असतील तर 'लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर' आणि त्यांचं नाव. शेवटी त्यांचा क्रॉनटॅब (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) पण नजरेखालून घाला, बॅकअपची स्क्रिप्ट त्यांच्याच नावावर चालू असेल तर आधी दुसऱ्या खात्यावर हलवा आणि मगच खातं बंद करा.